अडसराचे पेटंट आणि आपला लेख

माननीय व्याहीबुवा यांच्या सेवेशी सादर नमस्कार.

येथे आम्ही सर्व जण ठाकठीक असून आपणा उभयतांच्या प्रकृतीची मनापासून चौकशी करीत आहोत. आपला उजवा गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालच्या पायरीवरच वाटाघाटी करतो, ते सविस्तर कळवावे. (मागील पत्रात आपण डावा गुडघा लिहिला होता, आपल्या कन्येचे म्हणणे उजवा. जो दुखत असेल तो धरावा.) माझी प्रकृती उत्तम आहे. आपल्या विहीणबाईंची त्याहूनही उत्तम आहे, हे त्यांच्या आवाजावरून शेजारच्या इमारतीतही समजते. आपले जावई दुकान नीट पाहतात आणि आपली कन्या जावयांना नीट पाहते. एकंदरीत घरात समाधान आहे. हे आरंभीच नमूद करतो, कारण पुढील मजकूर वाचताना मध्येच आपणास घाम फुटण्याचा संभव आहे.

विषय माझ्या अडसराचा आहे. त्यास पेटंट मिळणार की नाही, हा प्रश्न सध्या आमच्या घरात जेवताखाता चर्चिला जातो, आणि त्यात आपला थोडासा (थोडासाच म्हणतो) संबंध आलेला आहे.

आमच्या झेरॉक्सच्या दुकानातील मोठे यंत्र आपण पाहिलेच आहे. त्याच्या ट्रेमध्ये कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला की वरचा रबरी रोलर फिरतो आणि सर्वांत वरचा कागद आत ओढतो. असे पुस्तकात लिहिले आहे. प्रत्यक्षात कागद ही मोठी लोचट जात आहे. वरचा निघाला की त्याच्या खालचा त्याचे बोट धरून निघतो, दोघेही आत जाऊन एकमेकांत गुंततात, यंत्र शिट्टी मारते, आणि गिऱ्हाईक आपल्याकडे असे पाहते की जणू आपणच आत जाऊन बसलो आहोत. यावर मी रोलरच्या समोर रबराची एक लहानशी जीभ बसविली व तिच्या पाठीशी नाजूक स्प्रिंग दिली. एकटा कागद आला तर जीभ मान लववून वाट देते. जोडीने आले तर खालच्यास जागीच रोखते. गठ्ठा जसजसा उतरतो तसतसा स्प्रिंगचा ताणही आपोआप बदलतो. हा माझा अडसर. तो बसविल्यापासून यंत्राने शिट्टी मारलेली नाही. मी इयत्ता चौथी उत्तीर्ण आहे (उत्तीर्ण होऊन शाळा सोडली, सोडून उत्तीर्ण झालो नाही), तरी अशी कल्पना मला सुचली, याचे मला स्वतःला मुळीच आश्चर्य वाटले नाही. इतरांना वाटले, हा त्यांचा प्रश्न.

त्यानंतर आपण येथे मुक्कामास आलात, दुकानात यंत्राशेजारी स्टूल टाकून बसलात, आणि परत गेल्यावर आपण संपादित करीत असलेल्या, पाणीपुरवठा खात्यातील निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघाच्या त्रैमासिकात माझ्यावर लेख लिहिलात. लेख अप्रतिम होता, याविषयी दुमत नाही. त्यात आपण मला दीपस्तंभ म्हटले आहे, वटवृक्ष म्हटले आहे आणि एके ठिकाणी (हे मला नीट उलगडले नाही) शांत जलाशयही म्हटले आहे. इथवर सर्व योग्यच होते. परंतु आपले आयुष्य पाण्याचे मीटर वाचण्यात गेल्यामुळे आकडा दिसला की आपणास राहवत नाही. आपण जिभेची लांबी दिलीत, रुंदी दिलीत, रबराची जाडी दिलीत, स्प्रिंगचे वेढे दिलेत, ती कोणत्या कोनात बसवावी तेही दिलेत, आणि शेवटी स्वहस्ते आकृती काढून तिला बाण दाखविलेत. वटवृक्षाची लांबीरुंदी कोणी देत नाही, व्याहीबुवा. पण ते असो.

लेख छापून आल्यावर काही काळाने आपल्या जावयांनी मला पेटंटसाठी अर्ज करण्याचा आग्रह केला. आम्ही एक एजंट गाठला. त्याने माझ्या अडसराचा जो दावा लिहिला तो वाचून माझे डोळे भरून आले. सबंध दावा एका वाक्यात! वाक्य पान उलटून पलीकडे जाते, तरी कर्ता हरवत नाही आणि क्रियापद शेवटी बरोबर आपल्या घरी पोहोचते. आमच्या मास्तरांना असे वाक्य दाखवावयास हवे होते. त्यात प्रत्येक वस्तूचा एकदा उल्लेख झाला की पुढे ती ‘उक्त’ होते: उक्त रोलर, उक्त जीभ, उक्त स्प्रिंग. मला ती पद्धत इतकी पसंत पडली की घरीही मी तसेच बोलू लागलो. त्यावर आपल्या विहीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “तुमचा उक्त चहा उक्त ओट्यावर उक्त निवतोय. उक्त पायांनी येऊन घ्या.” तेव्हापासून घरी साधेच बोलतो.

अर्ज दाखल झाला. एजंटाने बजावले होते की आता आपण काही करावयाचे नाही. परंतु मला असे वाटले की अर्ज तपासणाऱ्या परीक्षकास अडसर कळेल, अर्जदार कसा कळणार? म्हणून मी आपल्या लेखाचा अंक पारदर्शक प्लास्टिकमध्ये घातला, महत्त्वाच्या ओळींखाली तांबड्या पेन्सिलीने रेघा ओढल्या, आणि ‘अर्जदाराच्या योग्यतेविषयी अवलोकनार्थ’ असे लिहून तो रजिस्टर पोस्टाने थेट पेटंट कार्यालयास रवाना केला. एजंटास कळविले नाही. चांगले काम गुपचूप करावे, असा माझा स्वभाव आहे.

पुढे परीक्षण अहवाल आला. त्यात पहिली हरकत अशी की असे रोलर पूर्वीपासून आहेत. तिला एजंटाने उत्तम उत्तर दिले, की ते रोलर ओढतात आणि आमची जीभ अडवते. ओढणारा आणि अडविणारा एक कसे होतील? (आपल्या विहीणबाई म्हणाल्या, “घरात या, दाखवते.”) दुसरी हरकत वाचून मात्र एजंट बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग त्याने मला विचारले, “काका, हा अंक यांच्याकडे गेला कसा?” मी अभिमानाने सांगितले. तो पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागला.

सुनावणीस मी, आपले जावई आणि एजंट असे तिघे गेलो. मांडीवर ट्रे, रोलर आणि अडसर कापडात गुंडाळून घेतले होते. खोली लहान पण स्वच्छ होती. एक लांब टेबल, पाण्याचा जग, आणि कागद उडू नयेत म्हणून अत्यंत हळू लावलेला पंखा. (उडत नव्हते, पण मनात होते त्यांच्या.) परीक्षक म्हणजे आपल्या कन्येच्या वयाच्या एक बाई निघाल्या. चष्मा, नीटनेटके केस, समोर फाइल. फाइलीत आपला अंक मी ओळखला. प्लास्टिक तसेच होते. जावयांनी मला आधीच बजावले होते, “बाबा, विचारतील तेवढंच बोला.” मी तेवढेच बोललो. फक्त त्यांनी विचारण्याच्या आधी बोललो.

मी प्रात्यक्षिक दाखविण्याची परवानगी मागितली. बाईंनी कुतूहलाने होकार दिला. मी त्यांच्याच कार्यालयाचे कागद ट्रेमध्ये भरले आणि रोलर हाताने फिरविला. एकही कागद हलला नाही. पुन्हा फिरविला. गठ्ठा जागच्या जागी, ध्यानस्थ. एजंटाने पाण्याचा पेला तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

बाई म्हणाल्या, “आजोबा, एकही कागद आत गेला नाही.”

मी म्हणालो, “दोन तर गेले नाहीत ना?”

यावर त्या हसल्या, आणि अधिकारी माणूस हसला की आपले निम्मे काम झाले असे मी समजतो. इतक्यात जावयांच्या ध्यानात आले की घाईत मी अडसर उलटा बसविला आहे. सुलट करताच कागद एकामागोमाग एक असे निघाले की शाळा सुटताना ओळीत जाणारी शहाणी मुलेच. बाईंनी स्वतः रोलर फिरवून पाहिला. दोनदा. “चालतं, छान चालतं,” त्या म्हणाल्या. “चालतं की नाही हा वादच नाहीये. नवीन आहे की नाही, हा आहे.”

मग त्यांनी आपला अंक उघडला व मला समजावून सांगितले. (फार शांतपणे सांगितले. शिकलेली माणसे अशी समजावून सांगू लागली तर पुष्कळ भांडणे मिटतील.) अर्जाच्या तारखेपूर्वी जी गोष्ट लोकांपुढे आली ती कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही, मग ती पुढे आणणारा कोणी का असेना.

“पण ती कल्पना माझीच आहे,” मी म्हणालो. “लेखही माझ्यावरच आहे.”

“तेच तर. तुमची कल्पना तुमच्या अर्जाआधी छापून आली. मापांसकट. हा लेख वाचून मीसुद्धा अडसर बनवू शकेन.”

“म्हणजे माझ्या वाटेत मीच आडवा आलो?”

“हो. आणि तसं आम्हाला कळवलंतही तुम्हीच. रजिस्टरनं.”

जावयांनी कपाळावर हात मारून घेतला. मी मात्र, खरे सांगतो, त्याही स्थितीत मनातून सुखावलो. कारण आपले लेखन वाचून पेटंट कार्यालयाचा परीक्षक अडसर बनवू शकतो, इतके ते स्पष्ट आहे. शेवटी बाईंनी एक वाट ठेवली. अंक छापला गेला पण अर्जापूर्वी तो लोकांत वाटलाच गेला नाही, संपादकाच्या ताब्यातच पडून राहिला, असे संपादकाने लेखी दिल्यास त्या विचार करतील. अर्जदाराच्या घरी भेट म्हणून आलेला एक अंक त्या धरणार नाहीत. मी त्यांचे आभार मानले, अडसर गुंडाळला आणि बाहेर पडलो. बाहेर ऊन छान पडले होते. आम्ही तिघांनी चहा घेतला.

असो. आपल्या वाचन-लेखनात व्यत्यय आणला, क्षमा असावी. गुडघ्यास शेक द्यावा. विहीणबाईंना आमचा नमस्कार सांगावा.

आपल्या कन्येचा सासरा व आपला स्नेही

ता. क. १. वरील मजकुरावरून आपल्या लक्षात आलेच असेल की एक लहानसे पत्र आपण द्यावे, अशी अपेक्षा आहे. आपणास श्रम नकोत म्हणून मसुदा येथेच देतो: ‘दाखला देण्यात येतो की, सदर त्रैमासिकाचा उक्त अंक छापून झाल्यावर संघाच्या कपाटातच राहिला. तो कोणी नेला नाही, कोणी मागितला नाही, आणि उक्त लेख आजपर्यंत कोणीही वाचलेला नाही.’ शेवटचे वाक्य आपल्यासारख्या लेखकास लिहिणे जड जाईल, हे मी जाणतो. परंतु सभासद गठ्ठ्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, अशी खंत आपणच मागे एका पत्रात व्यक्त केली होती. यात आपल्या लेखनाची नालस्ती नसून केवळ वितरणाची आहे. सही ठळक करावी.

ता. क. २. हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी शुद्धलेखन तपासावे म्हणून मोठ्याने वाचीत होतो. आपल्या विहीणबाई ऐकत होत्या. पहिला ताजा कलम संपला तशा त्या म्हणाल्या, “कोणीही वाचला नाही? अहो, मी किती जणांना दिलाय तो!” चौकशीअंती असे उघडकीस आले की लेख आला त्याच आठवड्यात, मी दुपारी झोपलो असता, त्यांनी दुकानात जाऊन त्याच्या गठ्ठाभर प्रती काढल्या आणि इमारतीत, दवाखान्यात, केशकर्तनालयात व दोन लग्नांत वाटल्या. प्रती आमच्याच यंत्रावर काढल्या. अडसर लावलेल्या. “एकसुद्धा कागद अडकला नाही हो,” हे त्यांनी कौतुकाने सांगितले.

मी त्यांना पेटंट गेल्याचे समजावून दिले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “मिळालं असतं तर काय केलं असतंत त्याचं?” मी म्हणालो, चौकटीत बसवून दुकानात लावले असते. “कशाला?” लोकांनी पाहावे म्हणून. “मग? लोकांनी पाहिलं की!” असे म्हणून त्या भाजी निवडावयास गेल्या. मी पुष्कळ विचार केला. मला यावर उत्तर सापडलेले नाही, आणि सापडावे अशी फारशी इच्छाही राहिलेली नाही.

तरी वरील दाखला पाठवू नये. लिहिला गेला असल्यास फाडून टाकावा, कारण तो असत्य आहे, आणि असत्य कागदावर मी आजवर सही घेतलेली नाही. अर्ज मागे घेत असल्याचे एजंटास कळवीत आहे. उलट आपणास सांगण्यास आनंद वाटतो की आपला लेख केशकर्तनालयात बाकावर ठेवला जातो आणि तेथील मालकाच्या म्हणण्याप्रमाणे गिऱ्हाईक पाळी आली तरी तो खाली ठेवीत नाही.

ता. क. ३. सोबत माझे एक छायाचित्र जोडले आहे. पुढील अंकात पुन्हा काही लिहावे, असा माझा आग्रह मुळीच नाही. छायाचित्रात डावीकडे यंत्र आहे.