पिवळ्या रिबिनीचा बॉक्स

बाबा, काल मी विमान पाडलं. तुमच्यासारखं लाकूड घासून केलेलं नव्हे, फोमचं, विकतचं, पण रिमोटवर उडणारंच. हे सांगायला मला माणसं नाहीत असं नाही. घर भरलेलं आहे, मुलुंडच्या या सोसायटीत मैत्रिणी आहेत. पण हे भांडण तुमच्याशी आहे, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की भांडायला आता कागदच उरलाय.

मी सातवीत होते. विक्रोळीला कंपनीच्या वसाहतीमागे, मिठागरांच्या अलीकडे ते मोकळं मैदान होतं. तुम्ही कंपनीच्या टूलरूममधून घरी आलात की ओट्याच्या कडेला बसून विमानासाठी बाल्साच्या, त्या हलक्या लाकडाच्या, पट्ट्या घासायचात आणि आई ओरडायची, "अहो, कणकेत भुसा पडला ना, तर पहिली पोळी तुम्हालाच वाढीन!" दादाला तुम्ही उडवायला शिकवलं होतंत. मी महिनाभर मागे लागले होते, बाबा, मला पण, मला पण. मग एका रविवारी तुम्ही मैदानावर रिमोटचे दोन बॉक्स आणलेत. एकाच्या एरियलला तांबडी रिबीन, दुसऱ्याच्या पिवळी. पिवळ्या रिबिनीचा माझ्या हातात दिलात. बटण सरकवलं तशी काचेमागची सुई वर चढली. तुम्ही तांबडा घेऊन माझ्या मागे उभे राहिलात. "हा नुसता सोबतीला. भीती वाटली तर एवढंच म्हण, बाबा, धरा. की मी धरतो."

तुम्ही विमान उंच नेता आणि म्हणता, "घे, आता तुझं." मी बॉक्सवरची काडी धरते. "डावीकडे घे." मी घेते, विमान वळतं. "आता सरळ कर. वा गं वाघिणी!" मान दुखेपर्यंत मी वर बघतेय, डोळ्यांतून पाणी येतंय, पण पापणी लवू देत नाही. विमान मिठागरावरून फिरून आमच्याकडे येतं, परत जातं, परत येतं, आणि उतरतं ते कोंबडी बसावी तसं अलगद. मी एकदाही धरा म्हटलं नाही.

बाबा, त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं हो. माझ्या लग्नात तुम्ही सासऱ्यांना सांगितलंत, "आमच्या पोरीनं पहिल्याच दिवशी विमान उडवलंय, न घाबरता." पुढे ह्यांच्या ऑपरेशनच्या कागदावर एकटीनं सही करायची वेळ आली, तेव्हा पेन हातात घेतलं. मी मनात म्हटलं, तू बारा वर्षांची असताना धरा म्हटलं नाहीस, आता काय म्हणतेस! सही केली.

रिटायर झाल्यावर वाटलं, आपल्याला येतंच आहे तर परत सुरू करू. हे म्हणाले, "गुडघे धड नाहीत आणि विमानं उडवणार!" मी मोबाइलवर बघून बघून शिकले. आधी लॅपटॉपवर खेळातलं विमान उडवायचं असतं, तिथे मोडलं तरी नुकसान नाही. तर मी ते रोज पाडायची, आणि ठरल्यासारखी एकाच जागी. विमान लांब जाताना सगळं ठीक, पण ते आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. आपण डावीकडे काडी ढकलली की ते आपल्या उजवीकडे जातं. सगळे नवशिके इथेच आपटतात म्हणे. मला वाटलं, वयानं बोटं जड झाली. लहानपणी कसं गं जमलं तुला, असं मीच मला विचारायची.

मुंबईत विमानतळामुळे उडवता येत नाही, म्हणून आम्ही काही हौशी मंडळी गाडी करून ठाण्याच्या पुढे माळावर जातो. घाटकोपरचे एक काका शिकवतात, वेळ पडली तर सावरायला आपलाही बॉक्स हातात ठेवतात, पंचाहत्तरीचे आहेत. एकदा चहा पिताना म्हणाले, "ताई, तुमची मजा आहे. आमच्या वेळी रिबिनी बघून बॉक्स चालू करायला लागायचा, प्रत्येक रंगाची फ्रीक्वेन्सी वेगळी. तांबड्या रिबिनीवर तांबड्याचंच विमान. दोन तांबडे एकदम चालू झाले की वाट लागली!"

मी विचारलं, "आणि तांबड्याचं विमान पिवळ्यावर?"

"पिवळ्यानं बोटं झिजवली तरी त्या विमानाला पत्ता नाही."

माझा चहा तसाच राहिला. घरी येऊन बोरिवलीला दादाला फोन लावला. तो आधी खो खो हसला. "अगं, विमान तू उडवलंस हे तुला अजून खरं वाटत होतं? तो पिवळा कुणाचा तरी जुना बॉक्स होता. बाबांनी दम दिला होता, तिला सांगायचं नाही म्हणून. आईलाही माहीत होतं."

"का पण?"

"वेडी का तू? एवढ्या मेहनतीचं विमान, तू पाडलं असतंस ना!"

"तू नाही पाडलंस?"

"दोनदा."

"मग?"

"मग काय, बाबांनी माझ्याकडूनच चिकटवून घेतलं. तसंच शिकतात गं."

तसंच शिकतात. फोन ठेवून मी ओट्यापाशी उभी राहिले. चार वर्षांची असताना मी पोळ्यांच्या वेळी लुडबुड करायची, म्हणून आई हातात कणकेचा गोळा द्यायची. पण माझी ती वेडीवाकडी, काळी पडलेली पोळी ती तव्यावर टाकायची आणि तुम्ही खायचात. तुम्ही मला दिलात तो गोळा तव्यावर कधी पडलाच नाही. खोटं बोललात त्याचं एवढं नाही, बाबा. माझ्या लग्नात, बारशाला, दर दिवाळीला ती गोष्ट निघायची, मी फुलून यायची आणि तुम्ही तिघं माझ्याकडे बघून हसायचात. मी त्याला कौतुक समजत होते. दादाला विमान मोडायची मुभा होती, मला फक्त वाघीण म्हणवून घ्यायची.

म्हणून काल मी काकांना सांगितलं, "तुम्ही आज मागे खुर्चीत बसा. हातात बॉक्स नको, काही नको." ते म्हणाले, "ताई, पडेल." म्हटलं, "पडू दे." विमान उडवलं, लांब नेलं, वळवलं. ते माझ्याकडे यायला लागलं, एक पंख झुकला, मी काडी उलटीकडे ढकलली आणि ते नाक खाली करून धाडकन गवतात. काका टाळ्या वाजवत आले. "झालं उद्घाटन!" त्यांनी डिंकाची ट्यूब माझ्या हातात दिली. तुकडे मी पदरात गोळा करून आणलेत. ओट्यावर आहेत, रात्री चिकटवीन. हे म्हणाले, "कणकेत पडेल हं काहीतरी."

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, पण धाडता आलं असतं तरी मी ठेवूनच दिलं असतं, एक गोष्ट तुम्हाला कळू नये म्हणून. तो पंख झुकला ना, तेव्हा माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं, "बाबा, धरा." मागे काका रिकाम्या हातांनी बसलेत हे मला माहीत होतं. तरी म्हटलं.