करंगळीचा असहकार

४ ऑगस्ट
आजपासून गिटार. बावीस वर्षं लोकांची किडकी तोंडं उघडून आत बघतोय, वीट आला. ३० नोव्हेंबरला सासरेबुवांना ऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी वाजवणार, असं घरी जाहीर केलं. बायको म्हणाली, बाबा मला सायकलवरून शाळेत सोडताना शिट्टीवर एक चाल वाजवायचे, तेवढीच बसव. हल्ली त्यांना आमची नावं आठवत नाहीत, ती चाल आठवते.
चार ओळींची बाळबोध चाल. बघू म्हटलं. मी उत्स्फूर्त वाजवणार आहे.

११ ऑगस्ट
गिटारच्या बाईंकडे गेलो. साठीच्या पुढच्या, जीभ लिंबासारखी. नुसत्या बोटांनी वाजवायचं. अंगठ्याने जाड तारांवर ठेका चालू ठेवायचा, डाव्या हाताच्या तीन बोटांनी तारा दाबून सी कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, आकार धरायचा आणि मोकळ्या राहिलेल्या करंगळीने आसपासच्या सुरांतून चाल काढायची. सोपं आहे. पंधरा दिवस खूप झाले.

२६ ऑगस्ट
करंगळी हलली की शेजारची अनामिकाही उठते. दोघींचं काय गुळपीठ आहे कळत नाही. बाई म्हणाल्या, चाल आधी तोंडाने म्हणून दाखवा, जे गुणगुणता येत नाही ते बोटांत कुठून येणार. मी दातांचा डॉक्टर आहे, गवई नाही. म्हटली नाही.

९ सप्टेंबर, सकाळी ७
संकल्प: रोज एक तास.

९ सप्टेंबर, संध्याकाळी
उद्यापासून.

१८ सप्टेंबर
तारांसाठी उजव्या हाताची नखं वाढवली आहेत. आज पेशंटच्या तोंडातच ग्लोव्ह फाटला. त्याची लाळ माझ्या नखाखाली. दुपारी जेवण गेलं नाही. असिस्टंट म्हणाली, डॉक्टर, ही नखं बघून मीसुद्धा तोंड उघडणार नाही. हिला कलेतलं काय कळतं.

७ ऑक्टोबर
सी कॉर्डची शिसारी आली. बाई त्यातून बाहेर पडूच देत नाहीत. आज सगळं झुगारून सुचेल ते वाजवलं. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. हे काय होतं, म्हणाल्या. म्हटलं, उत्स्फूर्त. म्हणाल्या, उलटीही उत्स्फूर्तच असते.
क्लास सोडला. प्रतिभेला मास्तर लागत नाही.

२ नोव्हेंबर
तीन आठवडे गिटारला हात लावलेला नाही. मुद्दाम. ताजेपणा टिकतो. बायकोने विचारलं, चाल बसली का. म्हटलं, ओघात येईल. ती काही बोलली नाही. तिच्या या न बोलण्याची मला मनस्वी चीड आहे.

३० नोव्हेंबर
वाजवलं. तीस माणसं, अकरा मिनिटं. चौथ्या मिनिटाला करंगळीत गोळा आला, तरी थांबलो नाही. संपलं, तर टाळी नाही. सासरेबुवा बायकोला म्हणाले, जावईबापूंचं वाद्य लावून झालं का? मग सुरू करायला सांग.
सगळे हसले. बायको हसली नाही. ते जास्त लागलं.
ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि ती चाल गुणगुणायला लागली. दोन ओळी त्यांनी नुसत्या ऐकल्या. मग शिट्टी सुरू केली. कवळी मीच बसवलेली. तिच्यातून सूर कमी, हवाच जास्त. तेवढ्यात थांबून त्यांनी तिला तिच्या लहानपणच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, दप्तर घेतलंस ना. तिने घेतलं म्हणून सांगितलं. पुन्हा शिट्टी.
मला काहीच सुचेना. सी कॉर्ड धरला आणि नुसता अंगठा चालू ठेवला. बराचसा जुळला. करंगळी मध्ये आणली नाही.

१ डिसेंबर
बायको म्हणाली, शेवटी छान वाजवलंस. म्हटलं, एकच कॉर्ड होता तो. हो, म्हणाली, तोच.

३ डिसेंबर
मेहुण्याने व्हिडिओ पाठवला. माझी अकरा मिनिटं कापून टाकली आहेत, सुरुवातच शिट्टीपासून. मी त्यात कुठेच नाही. फक्त एका कडेला माझा उजवा कोपर दिसतो.
पाच वेळा बघितला. कोपर तालात आहे.