लॅपटॉप पुढे पळतो

२ एप्रिल
भीमाशंकरशी सांगीतिक संबंध संपले. इतकी वर्षं माझ्या गाण्याला तबला वाजवला आणि काल चारचौघांत म्हणाला, "एकनाथराव, तुमी ठेका सोडून पळता. मी मागनं धरत येतो. आजवर तसंच चाललंय की." मनात तिथेच निर्णय झाला.
तीस तारखेला पद्मजाच्या शाळेत तिच्या निवृत्तीचा निरोप समारंभ. तिच्यासाठी मी स्वतः रचलेलं गीत गाणार, तेही कॉम्प्युटरच्या साथीवर. कॉम्प्युटर चहा मागत नाही, भीमाशंकरसारखा वळसंगहून यायला उशीर करत नाही आणि मत देत नाही.
पद्मजा म्हणाली, "त्यापेक्षा भावजींनाच बोलवा ना." बायको चांगली आहे, पण संगीतातलं तिला कमी कळतं.

३ एप्रिल
सॉफ्टवेअर घेतलं. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो, नुसत्या सूचना असतात: कुठला सूर, किती वेळ, कुठल्या वाद्यावर. वाजवतो कॉम्प्युटर. सूर माउसने भरायचे. दोन दिवसांचं काम.

९ एप्रिल
मुखडा झाला.

१३ एप्रिल, दुपार
ऊन बेचाळीस. पंखा बंद, कारण त्याच्या घरघरीत सूर कळत नाही. तबला भरला. प्ले केलं तर ठेका पियानोवर, धडाधड. पद्मजाने स्वयंपाकघरातून विचारलं, "काही पडलं का?"
तालवाद्य दहाव्या चॅनेलवरच टाकावं लागतं म्हणे. मदतीच्या पानावर लिहिलंय, पण ती पानं नवशिक्यांसाठी असतात. दहाव्यावर टाकल्यावर बोंगो वाजला. तोही चामड्याचाच.

१७ एप्रिल
पहिला पूर्ण रियाज. टेम्पो ९६. लॅपटॉप पुढे पळतो. ८४ केला. तरी पळतो.

१८ एप्रिल
७२. आता मुखड्यात मी पुढे, अंतऱ्यात तो. यंत्रात दोष आहे.

२० एप्रिल
दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. तिथल्या बाईंनी मला गायला लावलं. म्हणाल्या, "काका, गाणं सरळ चाललंय. तुम्ही मध्येच थांबता, ते थांबत नाही."
भावना आली की थांबावं लागतं, हे त्यांना समजावलं. त्यांनी स्क्रीन पुसून दिली.

२६ एप्रिल
लॅपटॉपला माझी सवय होईपर्यंत रोज सकाळी रियाज. पद्मजाने कानात कापूस घातलाय. गरम वाऱ्यामुळे, म्हणते.

२९ एप्रिल
पद्मजाने परस्पर भीमाशंकरला आमंत्रण दिलं. येऊ दे. बघेल तरी.

३० एप्रिल, संध्याकाळ
हॉल भरला होता. मुखडा उत्तम झाला. पहिल्या अंतऱ्यात तिचं नाव येतं, तिथे मला खरंच भरून आलं. किंचित थांबलो. लॅपटॉप थांबला नाही. धरायला गेलो तर आणखी लांब गेला, आणि मग त्याचं गाणं संपलं. माझा एक अंतरा शिल्लक. सगळं संपलं समजून मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी माइकपुढे तसाच उभा. पद्मजा मान खाली घालून बसलेली.
तेवढ्यात पहिल्या रांगेतून भीमाशंकर म्हणाला, "म्हना एकनाथराव, मी हाय." त्याने प्लॅस्टिकची खुर्ची ओढून तिच्या पाठीवर ठेका धरला. मी थांबलो तिथे थांबला, पळालो तिथे मागून आला. शेवटची ओळ आठवेना, तर आठवेपर्यंत नुसता ठेका देत राहिला. पद्मजाने पदराने डोळे टिपले. शब्दच तसे होते.
रिक्षात ती म्हणाली, "भावजी किती सांभाळून घेतात हो तुम्हाला."
मी म्हटलं, खुर्चीचा नाद चांगला होता.

२ मे
भीमाशंकर घरी आला. मला वाटलं, दिलगिरी व्यक्त करायला. तो लॅपटॉपसमोर बसला, डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं, बोटं मांडीवर चालू.
मग म्हणाला, "लई पक्का गडी हाय. वळसंगला नेऊ का थोडे दिस? सरळ तालात वाजवायला मला कुटं गावलंय इतकी वर्षं?"
कलाकाराने उदार असावं. दिला. मोटारसायकलला बांधून घेऊन गेला.
पद्मजाला म्हटलं, आता काही दिवस तबल्याशिवायच गाईन.
ती म्हणाली, "मग नवीन काय?"