कडूमावशींना वाचून दाखवलेली पत्रं

९ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण: मनाची शिस्त. टीईटीच्या अभ्यासालाही मदत होईल.

बाबांनी मला अक्षरओळखीच्या आधी पंचशील शिकवलं. मी पहिलीत गेले तोवर अक्षरंही येत होती, वर्गात मला नवीन काही नव्हतं. त्यातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी आजवर मोडलेलं नाही. दहावीत पोटदुखी सांगून पीटी चुकवली होती, पण पोट खरोखर थोडं दुखत होतं.

सिद्धोधन सैन्याच्या ट्रेनिंगला गेला आणि बॉर्डरवर पेटलं. कॅम्पात सगळ्यांचे मोबाइल जमा केलेत. म्हणून तो आता पत्र लिहितो. पत्र माझ्या नावाने येतं, बाबा न फोडता हातात देतात. आमची बोलणी झालीत, पण त्याच्या भरतीत चार वर्षं लग्न करता येत नाही. त्यामुळे सध्या मी त्याची कोण, याला शब्द नाही. काम मात्र आहे. त्याच्या आईला, कडूमावशींना, वाचता येत नाही. धाकटा सुगत वाचतो, पण मावशी म्हणतात तो बसचा बोर्ड वाचल्यासारखं वाचतो. पत्र तूच वाच.

ठराव: जे लिहिलंय तेच वाचायचं. एक अक्षर इकडेतिकडे नाही.

१४ नोव्हेंबर
पहिलं पत्र. मावशी कापूस वेचून नुकत्याच आल्या होत्या, बोटं ओरबाडलेली. शेजारच्या नर्मदाबाईही येऊन बसल्या.

सिद्धोधनने लिहिलंय, पाय सुजलेत, बूट निघत नाही. शेजारच्या कॉटवरचा पोरगा उशी तोंडात धरून रडतो. चहा बरा असतो.

मी चहाचं आधी वाचलं. क्रम बदलणं म्हणजे खोटं नव्हे. मावशी इतक्या हसल्या की पुढचं वाचणं क्रूर वाटलं. पत्र संपलं असं मी म्हणाले नाही. मी फक्त घडी घातली. घडी घालणं हे बोलणं नव्हे.

पुढच्या वेळी सगळं वाचणार.

२३ नोव्हेंबर
टीव्हीवर नकाशा आणि लाल बाण. बाबांनी आवाज बंद केला, टीव्ही नाही.

दुसरं पत्र. शिकवणं अर्ध्या वेळात उरकायलेत. का, ते कुणी सांगत नाही. रात्रीचं जेवण पोटात राहत नाही.

मी वाचलं: शिकवणं फास्ट आहे. नर्मदाबाई म्हणाल्या, "ते असू दे ग, जेवायला काय देतेत ते वाच." मी म्हणाले अंडी, दूध, केळी. हे पत्रात नव्हतं. पण पत्रात आहे असंही मी म्हणाले नाही, फक्त कागदाकडे बघत होते. ही माहिती जनरल नॉलेजची आहे.

नर्मदाबाईंना पटलं. त्यांच्या जावयाला लग्नात केळी दिली तरी नावं ठेवली होती म्हणे.

सुगतही भरतीची लेखी परीक्षा पास झालाय. पुढच्या महिन्यात त्याचं ग्राउंड, म्हणजे धावणं, उड्या, छाती मोजणं. मावशींनी त्याचे बूट ज्वारीच्या कोठीत टाकून वर दगड ठेवलाय. "एक दिला. दुसरा देणार न्हाई." छान. त्या बाबतीत मला काही करावं लागणार नाही.

३० नोव्हेंबर
तिसरं पत्र. अक्षर बिघडलंय. (गुडघ्यावर ठेवून लिहीत असेल.)

"सुगतला सांग, भरतीचा नाद सोड. आईला सांग, त्याला धरून ठेव. कारण लिहिता येत नाही, पत्रं उघडून बघतेत. तेवढं एक कर, शीला."

मी फार विचार केला. हे वाचलं तर मावशी विचारतील, का? कारण मला माहीत नाही. कारण न देता सांगणं म्हणजे अर्धं सत्य, आणि अर्धं सत्य मला चालत नाही. म्हणून तत्त्वासाठी ती ओळ गाळली. वाचलं: सुगतची आठवण काढली आहे. यात खोटं काय?

सुगतला एकट्याला गाठून सांगायचं ठरवलं. आज तो घाईत होता.

४ डिसेंबर
सुगत पहाटे कॅनॉलच्या रस्त्याने धावताना दिसला. पायात बूट.

मावशींना विचारलं. त्यांनीच दगड उचलला. म्हणाल्या, थोरला तिथं सुखात हाय, अंडी-दूध खायलाय, हा इथं माझ्यासंगं कापूस वेचून काय करील? मग लक्षात आलं की त्यांना जाऊ द्या असा सल्ला मी कधीही दिलेला नाही. निर्णय पूर्णपणे त्यांचा.

शिवाय सुगत परभणीची एसटी रोज धावत पकडायला जातो आणि रोज चुकवतो. ग्राउंडवर आपोआप बाद होईल. कुणाला दुखवायची गरज नाही.

११ डिसेंबर
मावशींच्या वतीने उत्तर लिहिलं. त्या सांगतात, मी लिहिते. सुगत धावायलाय, असं त्यांनी सांगितलं. मी लिहिलं, सुगत तब्येतीकडे लक्ष देतो आहे.

सिद्धोधनने पत्रात मला विचारलं होतं, सुगत घरीच राहील ना? तिथे मी लिहिलं, काळजी करू नकोस. ही विनंती आहे. विनंती खोटी कशी असेल?

पाकीट चिकटवताना बाबा शेजारी बसले होते. सगळं नीट कळवलंस का, म्हणाले. मी जीभ पाकिटाला लावलेली होती, त्यामुळे बोलता आलं नाही.

१९ डिसेंबर
सुगत ग्राउंडमध्ये पास. त्याच्या गटात तिसरा.

हरकत नाही. मेडिकल बाकी आहे. त्याच्या दोन दाढा किडलेल्या आहेत, मी स्वतः पाहिल्यात. दाढांवर माझा विश्वास आहे.

२ जानेवारी
पत्र. काही झालं तर कोणाला कळवायचं, ते नाव सगळ्यांकडून लिहून घेतलं. "आईचं दिलं. तुझं देता येत नाही." मग वर्दीत एकेकाचा फोटो काढला. हसायचं नाही, असं सांगितलं.

फारच व्यवस्थित कारभार आहे तिथला. सगळं आधीपासून तयार ठेवतात.

मी फोटोचं वाचलं. मावशींनी लगेच भिंतीत खिळा ठोकून घेतला. फोटो आला की तिथंच लावायचा, मोठा करून. खिळा रिकामाच आहे. त्याच्याकडे पाठ करून बसले तरी तो दिसतो.

हल्ली झोप लागत नाही. बहुतेक चहामुळे. चहा बंद करणार.

१३ जानेवारी
सुगत मेडिकल पास. दाढा चालतात म्हणे.

दुपारी परभणीत युद्धाचा सायरन वाजवून बघितला, तो इथे आमच्या झरीपर्यंत ऐकू आला असं नर्मदाबाई म्हणतात. इतक्या लांब येणं शक्य नाही. मलाही आला.

ठराव, शेवटचा: सुगत निघायच्या आधी तिसरं पत्र मावशींना संपूर्ण वाचून दाखवायचं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर. पवित्र जागेत धीर येईल.

१८ जानेवारी, रविवार
विहारात सुगतचा सत्कार होता. हार, फेटा. सूत्रसंचालन मला दिलं होतं. चांगलं झालं, सगळे म्हणाले.

२४ जानेवारी
सुगत गेला.

परभणीच्या स्टेशनवर आम्ही सगळे. पत्र पर्समध्ये घेऊन गेले होते. गाडीला वेळ होता. मी मावशींना बाजूला घेतलं, बाकड्यावर बसवलं, पत्र बाहेर काढलं. मावशींनी माझा हात पत्रासकट दोन्ही हातांत धरला.

"शीले, लय भ्यायले होते मी. तू वाचून दावलं म्हणून ह्याला सोडायलेय. न्हाईतर मेले असते पर सोडलं नसतं."

मी तोंड उघडलं. गाडीची अनाउन्समेंट झाली. ती दुसऱ्या गाडीची होती, हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे लगेच.

सुगत पाया पडायला वाकला. मी त्याला रुमाल घेतलास का, असं विचारलं. घेतला होता.

येताना एसटीत मावशी म्हणाल्या, आता दोघांची पत्रं येतील, तुझं काम वाढलं. मी म्हणाले, वाढू द्या. पूर्ण मनापासून म्हणाले.

घरी आल्यावर सिद्धोधनला खरं काय ते लिहायला बसले. तारीख घातली. उद्या पूर्ण करणार.

२९ जानेवारी
पत्र. सिद्धोधनने सुगत निघायच्या आधी टाकलेलं, आज पोचलं.

त्यांची बॅच पुढे निघाली आहे. कुठे, ते सांगितलेलं नाही. यानंतर पत्र येईल, न येईल. "सुगत आईजवळ हाय, तेवढ्या एका गोष्टीवर निवांत निघायलोय. ते तुझ्यामुळं झालं."

संध्याकाळी मावशींकडे गेले. घरात त्या एकट्याच. नर्मदाबाईही नव्हत्या. मावशींनी पदराने हात पुसले आणि समोर बसल्या. काय म्हणतो, म्हणाल्या.

मी वाचलं: निवांत निघायलोय.

कुठं निघालाय, मावशींनी विचारलं. मी बोट त्या ओळीवर ठेवलं. मग तेच पुन्हा वाचलं.

शब्द त्याचाच आहे. मी एक अक्षरही बदललेलं नाही.