हिरवा स्क्रू आणि माशाची शेपटी

ति. हार्लनदाजींना,

धाकटा मेहुणा ऑरव्हिल याचा नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? आर्डिसताईचा खोकला गेला का? डुलुथला तळ्यावरचा वारा सुरू झाला असेल, तेव्हा दोघांनी कान बांधून हिंडावं. इकडे सगळं ठीक आहे (आम्हा मिनेसोटाच्या लोकांचं छप्पर उडालं तरी ठीकच असतं, हे आपण जाणताच). मार्लिस आपल्याकडे सुखरूप आहे हे ताईच्या फोनवरून कळलं. जाताना ती मला म्हणाली होती की नणंदेकडे चार दिवस राहून येते. ते चार दिवस केव्हाच सरले, आणि आता निरोप आलाय की दाजी स्वतः येऊन आमचं विजेचं पॅनेल बघून मान डोलावत नाहीत तोवर ती या घरात पाऊल टाकणार नाही. एवढ्यासाठी आपल्याला कोण त्रास देणार? हे पत्र मी काही मागायला लिहीत नाही. तिची हकीकत आपण ऐकलीच असेल, पण तिची हकीकत शॉकपासून सुरू होते. माझी त्याच्या आधीपासून सुरू होते, इतकाच फरक.

मूळ दोष जुन्या फ्यूजच्या पेटीचा. फ्रिज घुरघुरायला लागला की फ्यूज उडायचा. मार्लिस म्हणायची, फ्रिज बदल. पण फ्रिज चांगला आहे (दार खांद्याने लावावं लागतं, पण चर्चचंही तसंच आहे, म्हणून कोणी चर्च बदलत नाही). मी ठरवलं की पॅनेलच नवं बसवायचं. दाजींचा विजेचाच धंदा आहे, त्यांना बोलव, असंही तिने सुचवलं. आता स्पष्टच लिहितो, राग मानू नये. गेल्या थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता आपण म्हणाला होतात की प्लंबरच्या हाती तार म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. त्यावर सगळ्यात मोठ्याने हसली ती माझी बायको. तेव्हा मी वीज कंपनीकडून लाइन बंद करून घेतली आणि एकट्यानेच कामाला लागलो.

जुनी पेटी उघडली आणि दाजी, मला घामच फुटला. पांढऱ्या न्यूट्रलच्या तारा आणि अर्थिंगच्या उघड्या तारा, दोन्ही एकाच पट्टीवर! न्यूट्रल म्हणजे काय, तर वापरलेली वीज परत नेणारी मोरी. अर्थिंग म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवलेला कोरडा, स्वच्छ पाइप. जन्मभर मी एकच धर्म पाळला आहे, की मोरीचा पाइप आणि स्वच्छ पाइप एकमेकांना भेटता कामा नयेत. असलं काम माझ्या हाताखालच्या माणसाने केलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता. नव्या पॅनेलमध्ये मी दोघांचे संसार वेगळे केले, न्यूट्रल डावीकडे, अर्थिंग उजवीकडे. पॅनेलसोबतच्या पुडीत एक हिरवा स्क्रू होता, तो उरला. (माहितीपत्रकही होतं. प्लंबर माहितीपत्रक वाचत नाही, ते गुडघ्याखाली घालतो.) स्क्रू दणकट होता, वाया कशाला घालवा, म्हणून बैठकीतल्या भिंतीवर माझा पेंढा भरलेला वॉलाय मासा आहे ना, त्याची लोंबणारी शेपटी त्याने पक्की करून टाकली. आणि सांगायला आनंद वाटतो की त्या दिवसापासून फ्यूज उडणं, ब्रेकर पडणं, सगळं बंद. फ्रिज खुशाल घुरघुरायचा. मी दोन दिवस शीळ घालत हिंडत होतो.

मग मार्लिसला झिणझिण्या यायला लागल्या. एक हात शेगडीवर आणि दुसरा फ्रिजला लागला की यायच्या, एरवी नाही. (शेगडी विजेची, मार्लिसच्या आईच्या वेळची आहे. शेगडीच्या पत्र्याला न्यूट्रलच जोडलेली आहे, त्या काळी तसंच जोडत.) मी म्हटलं, लोकरीच्या मोज्यांमुळे होतं. ती म्हणाली, मी अनवाणी आहे. मी म्हटलं, मग वयामुळे असेल, आणि ते म्हणायला नको होतं. शेवटी मी घराला नियम घालून दिला की स्वयंपाकघरात वावरताना एक हात खिशात ठेवायचा. नियम उत्तम चालला होता. पाहुण्यांना तो माहीत नव्हता, एवढंच.

रविवारी चर्चनंतर मंडळी कॉफीला आली. पाद्री लुंडबी सायीचा जग आणायला स्वतःच उठले. देवमाणूस, पण जरा रुंद. कोपर टेकलं शेगडीला आणि हात घातला फ्रिजच्या मुठीला. जग छताला लागला आणि पाद्रीबाबांच्या तोंडून असा एक शब्द निघाला, जो आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडायचा नाही. मग कोणीतरी म्हणालं, कॉफी मात्र छान झालीये हं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मंडळी गेल्यावर मार्लिसने छताची साय पुसली, बॅग भरली आणि दारात उभी राहून एवढंच म्हणाली,

"आज पाद्री होते, ऑरव्हिल. पुढच्या वेळी क्लारा असेल."

क्लारा म्हणजे आमची नात. फ्रिजच्या मुठीपर्यंत आता कुठे तिचा हात पुरायला लागला आहे.

दाजी, आपलं म्हणणं ताईने मला फोनवर कळवलं, की "पाणी जमिनीत मुरतं, वीज मुरत नाही. तिला आली तिथे परत जायचं असतं." मेन पॅनेलात, आणि तिथेच फक्त, न्यूट्रल आणि अर्थिंगची गाठ घालायची असते, आणि ती गाठ म्हणजे तो हिरवा स्क्रू. म्हणजे फ्रिजमध्ये वीज फुटली की ती अर्थिंगच्या तारेने धावत येऊन त्या गाठीतून परत जाते आणि ब्रेकर पडतो. गाठच नसेल तर ती फ्रिजच्या पत्र्यावर बसून राहते, कोणी हात लावेल म्हणून. म्हणजे जुना फ्यूज उडत होता तो आपलं कामच करत होता म्हणायचा. असेलही. आपण विजेतले, मी पाण्यातला. मतभेद राहायचेच.

तर काळजी नसावी. ताईला नमस्कार.

आपला,
ऑरव्हिल

ता. क. शनिवारी तळ्यावर वॉलाय चांगला लागतोय असं ऐकतो. आपण सहज या बाजूला आलात, आणि टेस्टर गाडीत असलाच, तर कॉफी इथेच घ्यावी. मुद्दाम यायची गरज नाही.

ता. क. दुसरा. कॉफी थर्मासमध्ये भरून आणावी. मी मेन स्विच पाडून ठेवलाय आणि हे पत्र कोट घालून लिहितोय. हिरवा स्क्रू शेपटीतून काढून शर्टाच्या खिशात ठेवलाय. मी तो बसवणार नाही, तुम्हीच बसवा. माशाची शेपटी पुन्हा लोंबतेय, आणि वाटेल तितकं हसा, मी काही बोलणार नाही.

ता. क. तिसरा. हे मार्लिसला वाचून दाखवा, ताईला नको. मेन पाडण्याआधी मी एक हात शेगडीवर ठेवला आणि दुसरा फ्रिजला लावला. तिला सांगा, झिणझिण्या नव्हेत त्या. तिने मला कमीच करून सांगितलं होतं.