जांभळी रेघ

प्रिय छोट्या,

सकाळीच आईचा फोन येऊन गेला. काल रात्री तू माझ्याकडे भरल्या ताटावरून उठून गेलास आणि मी तुला अडवलंही नाही, म्हणून तिनं मला चांगलंच झापलं. माझ्या भाषणांनी अख्खं शहर जागं होतं, पण घरातलं माणूस उपाशी झोपलेलं मला दिसत नाही, म्हणाली. मी गप्प बसले. मी गप्प बसते म्हटल्यावर तिला संशय यायला हवा होता, पण ती आनंदात होती. पाणी खात्यात तुला पुढच्या महिन्यात कायम करणार, खुद्द नगराध्यक्षांनी शब्द दिलाय, हे तिनं तीनदा सांगितलं. तू मात्र काल मला ते एकदाही सांगितलं नाहीस.

मतं यंत्राने नको, माणसांनी सगळ्यांसमोर मोजावीत, यासाठी मी चौकाचौकात घसा फोडत होते, तेव्हा सतरंज्या कोण उचलायचं? तूच. मोजणीचे नियम आपण माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तयार केले. तू मोजणारा आणि मी लबाडी करणारी, असा खेळ मांडून. मत दोन्ही हातांनी उंच धरायचं, नाव मोठ्यानं वाचायचं, दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी पाहिल्यावरच गठ्ठ्यात ठेवायचं. मतदारानं फुली जांभळ्या पेन्सिलीनं मारायची, पण मोजणीच्या खोलीत ती पेन्सिल आणायची नाही. तिथे फक्त हिरवी पेनं. हा नियम तर तुझाच. निवडणूक अधिकारी मला हसले होते. ‘बाई, आता मोजणाऱ्यांना आंघोळ घालूनच बसवायचं का?’ मी हटले नाही. तुझा नियम मी भांडून मंजूर करून घेतला आणि मला तुझा केवढा अभिमान वाटला होता.

काल मोजणीच्या खोलीत मी दोरीच्या अलीकडे, बघ्यांच्या बाकावर बसले होते. बाकीच्या टेबलांवरून नावं ऐकू येत होती आणि तुझ्या टेबलावरून तुझा आवाज, ‘बाद’. पुन्हा ‘बाद’. लहानपणी खेळात तुला कुणी बाद म्हटलं की तू रडून अंगण डोक्यावर घ्यायचास. काल तो शब्द तू किती थंडपणे उच्चारत होतास. प्रत्येक बाद मतावर नगराध्यक्षांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या आपल्या नर्सबाईंच्या नावापुढे ठसठशीत फुली आणि नगराध्यक्षांच्या खान्यात एक बारीक जांभळी रेघ. दोन खुणा म्हणजे मत बाद, नियमच तसा. लोकांना नीट फुली मारता येत नाही, असं म्हणत मी मतदारांवरच चिडत होते.

मग रात्री तू माझ्या घरी जेवायला आलास. साबणानं हात धुतलेस, पाण्याचा पेला पुढे केलास, आणि तुझ्या अंगठ्याच्या नखाखाली मला जांभळा रंग दिसला. मी पाहिलं ते तूही पाहिलंस. छोट्या, मत उंच धरण्याआधी त्याची घडी उलगडावी लागते. तेवढाच क्षण कुणाला दिसत नाही, आणि नखाखाली लपवलेल्या पेन्सिलीच्या टोकाला रेघ ओढायला तेवढा पुरतो. आपल्या नियमांत तेवढीच फट राहिली होती आणि ती फक्त तुला ठाऊक होती.

नर्सबाई जेवढ्या मतांनी मागे आहेत, त्याहून जास्त मतं एकट्या तुझ्या टेबलावर बाद झाली आहेत. फेरमोजणीचा उपयोग नाही. रेघ कुणाच्या हातची, हे कागद सांगत नाही. आज दुपारी निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनात निकालावर सही होईल, आणि मग सगळं संपलं. नोकरीची टांगती तलवार काय असते ते मला कळतं. आईचं औषधपाणी तूच बघतोस, मी फक्त भाषणं करते, हेही खरं आहे. तरी सही होण्याआधी मी त्या दालनात उभी राहणार आहे. ज्यांची मतं तू पुसलीस, त्यांची दारं मी वाजवली होती. मला गप्प बसता येणार नाही. मी बोलले तर तू चोर ठरशील. तूच बोललास तर निदान शेवटी खरं सांगणारा माणूस ठरशील, आणि मी तुझ्या शेजारी उभी असेन, मग पुढे काहीही होवो. शेजारच्या काकूंच्या हाती ही चिठ्ठी पाठवते आहे, कारण तू फोन उचलत नाहीस. माझ्याआधी पोच. आयुष्यात कुणाकडे कधी मौन मागितलं नाही, आज तुझ्याकडे माझ्यासाठी मागते आहे. मला बोलायला लावू नकोस रे.

पदर पसरून वाट पाहणारी,
तुझीच ताई