नाव घातलेली भांडी

सर्वण,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. सुमंगलाताईंस,
अनंतचा सा. न. वि. वि.

आज रविवार. सकाळी कपडे धुतले. दुपारी भात करपला. संध्याकाळी शेजाऱ्यांची सात भांडी घासून ओट्यावर पालथी घातली. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

तुमची धाकटी बहीण गेल्यावर बारा दिवस आमची चूल पेटली नाही. वाड्यावरच्या बायकांनी पेज, भाजी आणून दिली. तोंडं सगळी ओळखीची, नाव एकीचंही आठवेना. तीस वर्षं वीज खात्यात मीटर वाचले; घर नंबरावरून ओळखतो, कुठला कुत्रा चावतो तेही सांगेन. माणसांची नावं चंद्रावतीकडे असत. समोरून कोणी आलं की ती आधीच मोठ्याने नाव घेऊन हाक मारायची, मग मी हसायचो. माझी ओळख दांडगी आहे असा लोकांचा समज आहे.

दुसऱ्याचं भांडं तिने कधी रात्रभर घरात ठेवलं नाही. तेवीसला तिचं पहिलं मासिक श्राद्ध. त्याआधी सगळी परत गेली पाहिजेत, नाहीतर तिला बोल लागेल. नशिबाने प्रत्येकावर नाव कोरलेलं आहे. उद्यापासून वाटतो. रिकामी द्यायची की आत काही घालून, तेवढं कळवावं.

माया आहे तशी ठेवावी.
आपला,
अनंत

मांद्रे, पेडणे,
दि. १४ फेब्रुवारी २०२५

श्री. अनंतबाब यांस,
सुमंगलाचे अनेक आशीर्वाद.

दुःखातली भांडी रिकामी द्यावी, पण लख्ख घासून. बाकीचं वाचून मी कपाळाला हात लावला. अहो, भांड्यावर नाव असतं ते आहेर देणाऱ्याचं, मालकाचं नव्हे! इतकी वर्षं संसार केलात आणि वाचन मीटरपुरतंच?

आता सरळ घरोघर जाऊन नाव विचारा, लाजू नका. चंद्रावती नवी सर्वणला आली तेव्हा तिला तरी कोणाचं नाव येत होतं? रोज विहिरीवर एका बाईला नाव विचारायची, घागर घरी येईपर्यंत घोकायची आणि मला पत्रात लिहायची.

करपलेला भात खाऊ नका. जीव सांभाळा, ही बहिणीची विनंती समजा.
सुमंगला

सर्वण,
दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. सुमंगलाताईंस,
अनंतचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तोवर कोरलेल्या नावांची घरं विचारत सहा भांडी देऊन झाली होती. सहाही चुकीच्या घरी. कोणी काही बोललं नव्हतं. कृष्णनाथांकडे माफी मागायला गेलो, तेव्हा ते म्हणाले की तो टोप त्यांनी अठ्ठ्याण्णव साली शिवदासाच्या लग्नात दिलेला. लायटवाले दुःखात आहेत, कशाला बोला, म्हणून त्यांनी मुकाट्याने घेतला आणि त्याच दिवशी शिवदासाकडे पोचवला. बाकीच्यांनीही तेच केलं होतं. लायटवाले म्हणजे मी. मग भांडी खरी ज्यांची, त्या सहाही घरी जाऊन बायकांची नावं विचारली. शिवदासाची बायको म्हणाली की इतकी वर्षं आमच्या ओसरीवर पाणी प्यालात, आता विचारता होय? मग सांगितलं. रूपाली.

सातवा टोप राहिला. त्यावरचं नाव नुसतं पाहिलं होतं, वाचलं नव्हतं: ‘चंद्रावती व अनंत यांजकडून’ असं कोरलेलं. देणारा मीच, आणि कोणाला दिला ते मला माहीत नाही. आपल्याकडेच ठेवावा असं वाटलं. दोन दिवस ठेवला. मग तुमची विहीर आठवली. विहिरीकडच्या पहिल्या घरापासून टोप दाखवत निघालो. चौथ्या घरी रुक्मिणीने तो अंगणातूनच ओळखला. त्यांच्या घरभरणीला चंद्रावतीने दिलेला. म्हणाली, तिचं नाव आहे, तुम्हीच ठेवा. मी म्हटलं, नको. तुमच्याकडे रोज घासला जाईल. ती रडली. मी तिथेच उभा राहिलो.

काल मासिक झालं. सातही घरची माणसं आली. दारातून एकेकीला नावाने हाक मारली, जरा मोठ्यानेच. नावांचा कागद खिशात होता, काढावा लागला नाही.

पत्रातून भेटत राहावं.
आपला,
अनंत

ता. क. आमच्या घरच्या भांड्यांवर सगळी दुसऱ्यांची नावं आहेत, तिचं एकावरही नाही. आज ‘नारायण’ कोरलेल्या टोपात दोन मुठी उकडे तांदूळ धुऊन ठेवले आहेत. नारायण कोण, ते उद्या विचारीन. पाणी बेताचं घातलं आहे. आता गॅस पेटवतो.